विणलेले कापड

विणलेले कापड : धाग्यांचे दोन संच काटकोनात, ठरावीक क्रमाने एकमेकांच्या वरून-खालून नेऊन बनवलेले कापड. लांबीचे धागे म्हणजे ताणा, रुंदीचे म्हणजे बाणा. कापड कशाचे आणि ते घडले कसे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यवहारात त्यांची सर्रास गल्लत होते. वर्धा जिल्ह्यातील हिंगणीचा परिसर कापसाचा. त्याच कापसाचे धोतर होते आणि बनियनही. धोतर मागावर विणले जाते. बनियनच्या होजिअरी कापडात मात्र सुताचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. म्हणून बनियन ताणले जाते, धोतर फारसे नाही. विणलेले कापड सैल पडते ते तिरके ओढल्यावर.

मागावर ताण्याला सतत ताण आणि घर्षण सोसावे लागते, त्यामुळे त्याला आधी खळ लावतात. धनगरी घोंगडीसाठी ती चिंचोक्याची असते. वह्या, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेल्या चौकटी, त्यातले काही धागे उचलतात, त्या फटीतून धोटा बाणा नेतो आणि फणी तो ठोकून बसवते. कडेला बाणा वळून परत येतो, त्यामुळे काठ उसवत नाही.

साध्या विणीत धागा एकाआड एक वर-खाली जातो. तिरक्या विणीत दर ओळीला एक घर सरकून तिरप्या रेघा उमटतात. डेनिम हे तिचे परिचित उदाहरण. साटीन विणीत धागे लांबवर मोकळे राहतात, म्हणून चकाकी येते आणि कापड अडकून ओरखडतेही लवकर. विदर्भातील करवतकाठी टसर साडीत कौशल्य काठात असते: दोन काठांना दोन व अंगाला एक असे तीन धोटे चालवून करवतीच्या दातांसारखी नक्षी साधली जाते.

खादी ही निराळी वीण नव्हे, जरी तसा समज आढळतो. हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले ते कापड. मिलचे सूत वापरले की ते केवळ हातमागाचे कापड ठरते. वर्ध्याचे मगन संग्रहालय 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडले, ते खादी व ग्रामोद्योगांसाठीच.

काही कापडे विणलेली नसतातच. नमद्यात, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या कापडात, सूतच नसते. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता व दाब यांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. शस्त्रक्रियेच्या मास्कचे कापडही न विणलेले, प्लॅस्टिकच्या तंतूंचे थर चिकटवून केलेले असते. ओळखायचे असल्यास कापलेली कड पाहावी: विणलेल्या कापडातून सरळ धागा सुटतो, होजिअरीत फासे ओळीने उसवतात, नमद्यातून धागा निघतच नाही.