माग : रामोशापासून श्वानापर्यंत

घरफोडी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरलेलें असतें. श्वानपथकास पाचारण करण्यांत आलें. श्वानानें कांहीं अंतरापर्यंत माग काढला व तो तेथेंच घुटमळला. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यांतील बातम्यांत हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां वाचलें आहे कीं, त्यांतील 'घुटमळणें' या क्रियापदाकडे आमचें लक्ष गेलें नसतें तरच नवल. वाचक किंचित् हंसतो आणि पुढील बातमीकडे वळतो. परंतु त्या घुटमळण्याला इतिहास आहे. आणि ज्या मुलखांत तें घडतें त्या मुलखाचा माग काढण्याच्या विद्येशीं फार जुना संबंध आहे. त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

कुत्र्याच्या नाकावर विसंबून चोरीचा माल शोधण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हें सांगण्यास ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील सरमा व पणी यांचा संवाद पुरेसा आहे. पणींनीं दडविलेल्या गाईंचा ठावठिकाणा इंद्राच्या सरमेनें लावला. तेव्हां पणींनीं तिला बहीण मानण्याचा व गाईंत वांटा देण्याचा मोह घातला, तो तिनें झिडकारला. शोधक कुत्रीला लांच देण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयत्न, असें म्हणावयास हरकत नाहीं. सरमेवरूनच कुत्र्याला सारमेय हें नांव पडलें. आणि बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें आपल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या विनोदांमध्यें सारमेयविनोदाला स्वतंत्र जागा दिली. पण तेथील कुत्रें शिकारीचें आहे, चोराच्या मागावरचें नव्हे. खंडोबाच्या पायांशीं आणि दत्ताच्या भोंवतीं बसलेलें कुत्रें आमच्या घराघरांतील तसबिरींत आहे. तरीहि चोरामागें कुत्रें लावण्याची सरकारी रीत मराठी अमलांत रूढ नव्हती. तिची गरजहि भासण्याचें कारण नव्हतें. तें काम करणारा माणूस गांवोगांव होता.

तो माणूस म्हणजे रामोशी. कोठें भिल्ल, कोठें महार किंवा मांग. गांवचा जागल्या म्हणून त्याचा हक्क ठरलेला असे व त्याच्या मोबदल्यांत त्याची जबाबदारीहि ठरलेली असे. गांवांत चोरी झाली कीं त्यानें चोराच्या पावलांचा माग धरावयाचा. पाऊल पुसूं नये म्हणून तें झांकून ठेवावयाचें, टांचेचा दाब व बोटांची ठेवण मनांत धरावयाची, आणि शिवेपर्यंत जावयाचें. माग शिवेपलीकडे गेला कीं पुढच्या गांवच्या जागल्यास बोलावून तो त्याच्या स्वाधीन करावयाचा. अशा रीतीनें माग गांवाहून गांवास चाले. आणि ज्या गांवच्या हद्दींत तो तुटे त्या गांवानें एक तर चोर हजर करावा नाहीं तर नुकसान भरून द्यावें. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. १८३३ सालीं मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्यानें तर रामोशांवर सबंध पुस्तकच प्रसिद्ध केलें.

या व्यवस्थेची स्तुति करण्याचा मोह अनेकांस होतो, तितका तो आम्हांस होत नाहीं. तींत मागाचा खरेपणा ठरविणारा माणूस आणि त्या मागामुळें सुटणारा माणूस एकच होता. माग आपल्या शिवेंत तुटला तर भुर्दंड आपल्या गांवावर. शेजारच्या शिवेंत गेला तर आपण मोकळे. अशा वेळीं पाऊल शेजारच्या बाजूस वळलेलें दिसणें किती सोपें असेल, तें वाचकांनींच ठरवावें. मागाच्या विद्येंतील हा दोष रामोशाच्या नजरेंतला नव्हता. तो त्याच्यावर लादलेल्या भीतींतला होता. पुढें इंग्रजी अमलांत जागल्याचें वतन क्षीण झालें. १८७१ सालीं सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या अमलांत तर ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या माग काढला त्यांच्याच जातीकडे संशयानें पाहण्यांत येऊं लागलें. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी हें नांव आहे, त्याचें मूळ या इतिहासांत आहे. माणसाचा माग असा बंद पडला, आणि कुत्र्याचा सुरू होण्यास अजून बराच अवकाश होता.

युरोपांतहि आरंभ फारसा भूषणावह झाला नाहीं. १८८८ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत एकामागून एक खून पडले, तेव्हां तेथील पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरेन यांनीं बर्घो व बार्नबी नांवाचे दोन ब्लडहाउंड कुत्रे हाईड पार्कांत पारखून पाहिले. स्वतः आयुक्तसाहेब पुढें पळाले आणि कुत्र्यांनीं त्यांचा माग काढला, असें सांगतात. खुनी मात्र सांपडला नाहीं. व्यवस्थित पथक म्हणून पोलिसांचीं कुत्रीं प्रथम बेल्जममधील घेंट शहरीं १८९९ सालीं दिसूं लागलीं व तेथून ही रीत जर्मनींत बळावली. ज्याच्या नांवाची जात पुढें आमच्या पोलिसांच्या परिचयाची झाली तो डॉबरमन हा जर्मनींतील अपोल्डा गांवचा करवसुली करणारा गृहस्थ होता. वसुलीच्या फेरींत सोबतीला धाक बसविणारें कुत्रें असावें एवढाच त्याचा मूळ हेतु. आपल्याकडे मद्रासच्या पोलिसांनीं हा प्रयोग आधीं केला. मुंबई पोलिसांचें श्वानपथक १९५९ सालीं उभें राहिलें, आणि त्याचे पहिले मानकरी डॉबरमनच होते.

महाराष्ट्रांत या शिक्षणाचें घर पुण्यास आहे. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचें श्वान प्रशिक्षण केंद्र शिवाजीनगरांत आहे. तेथें शिकून गेलेल्यांपैकीं ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें तो 'झंजीर' नांवाचा लॅब्रॅडॉर कुत्रा. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत बॉम्बस्फोट होऊन २५७ माणसें मेलीं. त्यानंतर तीनच दिवसांनीं धनजी स्ट्रीटवर उभ्या केलेल्या एका स्कूटरमधील आरडीएक्स या कुत्र्यानें दाखविलें. पुढील काळांत त्याच्या नाकामुळें मुंबई व ठाणें परिसरांत सांपडलेलें स्फोटक द्रव्य तीन हजार किलोंहून अधिक भरलें. १६ नोव्हेंबर २००० रोजीं हाडांच्या कर्करोगानें तो मेला, तेव्हां पोलिसांनीं त्यास मानवंदना दिली. गंमत अशी कीं, जगाला झंजीर माहीत आहे; त्याच्यासोबत ज्या शिपायांनीं त्याच स्कूटरीपर्यंत पाऊल टाकलें त्यांचीं नांवें फारशीं कोणास सांगतां येत नाहींत.

आणि खरें शिक्षण तर त्या शिपायाचें असतें. पोलिसांच्या कागदोपत्रीं त्यास 'श्वानहस्तक' म्हणतात. मराठींत हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यानें वागणारा. तेव्हां या जोडींत कोण कोणाचा हस्तक, असा प्रश्न पडतो, आणि आमच्या मतें तो अगदींच पोकळ नाहीं. पिलूं कांहीं महिन्यांचें असतांनाच त्याची व हस्तकाची गांठ घालून देतात. स्फोटकें हुडकण्याचें शिक्षण साधारण सहा महिन्यांचें, माग काढण्याचें साधारण नऊ महिन्यांचें. प्रथम बैस, थांब, चल, ये एवढेंच. मग एखादी वस्तु लपवावयाची व ती सांपडली कीं चेंडू द्यावयाचा. कुत्र्याच्या लेखीं सारें पोलिसी काम म्हणजे चेंडू मिळविण्याचा खेळ आहे. स्फोटकाचें कुत्रें सांपडलें कीं मुकाट्यानें खालीं बसतें. त्यानें भुंकूं नये, पंजानें उकरूं नये, हें त्याला जीव तोडून शिकवावें लागतें, कारण तेथें एक पंजा पडला तर कुत्रें व हस्तक दोघेहि जायचे. हस्तकास शिकावयाचें असतें तें याहून सूक्ष्म : शेपटीचा ताठरपणा, श्वासाची बदललेली लय, वळतां वळतां क्षणभर मागें फिरलेलें डोकें. हें सारें वाचावयाचें, आणि तें वाचतांना आपल्याकडून कुत्र्याला कांहीं सांगावयाचें नाहीं. दुसरी गोष्ट पहिलीहून कितीतरी कठीण आहे.

याच पट्ट्याच्या कडेला, देहू व चाकण यांच्या दरम्यान सुदुंबरे गांव आहे. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे चाकणचे, त्यांची समाधि या सुदुंबऱ्यास. तेथेंच आज राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची पांचवी वाहिनी आहे. अशा दलांतील कुत्र्यांचें शिक्षण वर सांगितलेल्या शिक्षणाच्या नेमकें उलट असतें. ढिगाऱ्याखालीं जिवंत माणूस असला तर त्यानें मोठ्यानें भुंकलेंच पाहिजे. मुकाट्यानें बसलेलें कुत्रें तेथें कामाचें नाहीं. त्याला कोणा एकाचा माग नको, हवेंत तरंगत येणारा कोणाहि जिवंत माणसाचा वास पुरे. त्याची चूक झाली तर कांहीं तास खणणें फुकट जातें, किंवा दगडाखालचा जीव राहून जातो. पोलिसांच्या कुत्र्याची चूक झाली तर एखादा निरपराध माणूस कोठडींत जातो. दोघांचें नाक एकच; चुकीचें मोल मात्र निराळें.

आतां घुटमळण्याकडे वळूं. माणूस चालतो तेव्हां त्याच्या अंगावरचे कातडीचे सूक्ष्म कण सारखे गळत असतात, पायाखालीं गवत व माती चिरडते, आणि या सर्वांचा मिळून वास जमिनीवर राहतो. ओलसर मातींत, पहाटेच्या गारव्यांत तो टिकतो. तापलेल्या डांबरावर, वाऱ्यांत, गर्दीच्या पायांखालीं तो विरतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान ॲण्टिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, पुढें भोसरी व आकुर्डीकडे औद्योगिक वसाहती पसरल्या, आणि या शतकाच्या आरंभीं चाकणचें कांद्याच्या बाजाराचें गांव मोटारींच्या कारखान्यांचें नगर झालें. जेथें संग्रामदुर्गावर १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाला सुमारें दोन महिने रोखून धरलें, तेथें आज कामगारांच्या पाळ्या सुटतात आणि हजारों पाऊलें एकाच रस्त्यावरून जातात. त्यांत तेलाचे, रंगाचे, रसायनांचे वास. आणि या सगळ्याहून वाईट गोष्ट अशी कीं, चोर कोपऱ्यावर उभ्या केलेल्या दुचाकीवर बसतो. तेथें माग खरोखरच संपतो. कुत्रें घुटमळतें तें त्याला कांहीं कळलें नाहीं म्हणून नव्हे. माणूस येथें जमिनीवरून नाहींसा झाला एवढें तें अगदीं बरोबर सांगत असतें. रामोशाच्या काळीं चोर दुचाकीवर बसत नसे. बसता तर त्याचीहि पंचाईत झाली असती. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं पिंपरी-चिंचवडचें निराळें पोलीस आयुक्तालय निघालें व चाकण त्यांत आलें. रामोशाची शीव गेली, तिच्या जागीं पोलीस ठाण्याची हद्द आली. पण त्या हद्दीवर माग कोणी कोणाच्या स्वाधीन करीत नाहीं.

मागाचा खरेपणा ठरविणारा कोण, हा जुना प्रश्न मात्र गेलेला नाहीं. बर्लिन शहरांत हान्स नांवाचा एक घोडा खूर आपटून बेरजा करी. १९०७ सालीं फुंग्स्ट नांवाच्या संशोधकानें दाखविलें कीं, उत्तर जवळ आलें म्हणजे विचारणाऱ्याचें डोकें नकळत किंचित् हलतें आणि घोडा तेथें थांबतो. विचारणारालाच उत्तर माहीत नसलें कीं घोडा अडाणी ठरे. २०११ सालीं अमेरिकेंत अठरा हस्तक-श्वान जोड्यांची अशीच परीक्षा झाली. इमारतींत मादक द्रव्य किंवा स्फोटक कांहींच ठेविलेलें नव्हतें. हस्तकांना मात्र कांहीं ठिकाणीं तें आहे असें भासविलें होतें. १४४ वेळां तपास करविला, त्यांतील फक्त २१ वेळां कोणतीहि खोटी खूण निघाली नाहीं. म्हणजे माग काढीत होता तो हस्तकाचा तर्क. कुत्रें त्याच्या मनाप्रमाणें बसत होतें. शिव पाहून पाऊल वळविणाऱ्या जागल्याची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं, जागल्याला तें ठाऊक असे, हस्तकाला बहुधा नसतें.

आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढें महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका अपिलांत १९६९ सालीं या साक्षीची चर्चा झाली. कुत्रें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहूं शकत नाहीं, त्याची उलटतपासणी घेतां येत नाहीं. त्याच्या वतीनें हस्तक बोलतो, म्हणजे तें ऐकीव झालें. आणि माणसाचा जीव व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असूं नये, असे आक्षेप तेथें मांडले गेले. न्यायालयानें सर्वसामान्य नियम न घालतां ती साक्ष बाजूला ठेवून उरलेला पुरावा तपासला. पुढें २००१ सालीं दुसऱ्या एका अपिलांत, तपासाला दिशा देण्यापलीकडे या पुराव्यास फार वजन देऊं नये असा कल त्याच न्यायालयानें अधिक स्पष्ट केला.

आम्हांस हा कल योग्य वाटतो. पण त्यामुळें हस्तकाचें काम हलकें होत नाहीं, उलट वाढतें. संशयित कोण आहे हें त्याला आधीं कोणी सांगूं नये. ओळखपरेडींत रांग लावतांना त्यानें तेथें नसावें. आणि पंचनाम्यांत त्यानें कुत्र्याला काय 'वाटलें' तें न लिहितां कुत्र्यानें काय केलें तेवढेंच लिहावें. म्हणजे कोणत्या दारापासून निघालें, कोणत्या वळणावर नाक खालीं होतें, कोठें डोकें वर उचललें, आणि किती पावलांवर, कोणत्या खांबापाशीं तें घुटमळलें.