एका ओळीच्या उत्तरामागची पन्नास वर्षं

जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? एव्हरेस्ट. उंची किती? ८,८४८ मीटर. पुस्तक २०२० नंतरचं असेल तर ८,८४८.८६. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात हे उत्तर एका ओळीत संपतं आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण जरा थांबून विचार केला की प्रश्न पडतो. १८५० च्या सुमारास नेपाळची सरहद्द परक्यांसाठी बंद होती. मग त्या डोंगराच्या जवळही न जाता त्याची उंची मोजली कशी? आणि मोजली कोणी? या प्रश्नांचा माग काढत गेलं, तर गोष्ट हिमालयात सुरू होतच नाही. ती सुरू होते तिथून जवळपास १,८०० किलोमीटर दूर, मद्रासजवळच्या सपाट जमिनीवर. आणि तिच्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या माणसाची कबर आहे आपल्या विदर्भात, हिंगणघाटला.

*

विल्यम लॅम्बटन हा ईस्ट इंडिया कंपनीकडून टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढलेला अधिकारी. १७९९ मध्ये टिपू पडला आणि मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला. मुलूख हाती आला म्हणजे सारा वसूल करायचा, फौजा हलवायच्या आणि त्यासाठी नकाशे हवेत. लॅम्बटनने नकाशांच्या आधीची गोष्ट मागितली : पृथ्वीचा नेमका आकार धरून भारताच्या आरपार जाणारं त्रिकोणांचं जाळं.

यातलं गणित शाळेतलंच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू काढता येतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, मग त्याच्या पुढच्या. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष अंतर एकदाच काटेकोर मोजायचं आणि पुढे टेकडीवरून टेकडीकडे बघत फक्त कोन मोजत जायचं. अर्थात अधूनमधून नवी आधाररेषा मोजून पडताळा घ्यावा लागतो, कारण पहिल्या बाजूत चूक असेल तर ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत सोबत येते.

म्हणून पहिली रेषा मोजताना लॅम्बटनने घाई केली नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात काम सुरू झालं. अंतर साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटर. दुचाकीवर वीस मिनिटांचा रस्ता. त्याला लागले ५७ दिवस. १०० फुटांची पोलादी साखळी चारशे वेळा मांडली गेली. उन्हाने पोलाद प्रसरण पावतं, म्हणून तापमानाच्या नोंदी ठेवून हिशेबात दुरुस्ती केली गेली. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेलेल्या वस्तूंतली. दरबाराने त्या वस्तूंत रस दाखवला नाही आणि ती फिरत फिरत भारतात आली.

कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. इंग्लंडहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती लागलं, मॉरिशसला गेलं आणि तिथून सौजन्याने पुढे पाठवण्यात आलं. १८०८ मध्ये ते तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. तंजावरला तेव्हा सरफोजीराजांची मराठी गादी होती. लॅम्बटनने तंबूत बसून काही आठवड्यांत ते यंत्र स्वतः दुरुस्त केलं आणि मोजणी पुढे चालू राहिली.

१८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळालं. पेशवाई संपली तेही हेच वर्ष. दोन्हींचा संबंध आहे : मराठ्यांची सत्ता मोडल्यावर मध्य भारताच्या टेकड्यांवर कंपनीच्या मोजणीदारांना अडवणारं फारसं कोणी उरलं नाही. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. आज नागपूर-हैदराबाद महामार्गाने रोज हजारो गाड्या या गावावरून जातात. नागपूरच्या झिरो माइलवर सेल्फी काढणाऱ्यांनी तिथल्या दगडावर कोरलेली ‘जीटीएस’ ही अक्षरं नीट पाहावीत. ती याच सर्व्हेची आहेत.

*

लॅम्बटननंतर आला जॉर्ज एव्हरेस्ट. शिस्तीचा आणि तापट. गंगेच्या सपाट प्रदेशात टेकड्याच नाहीत, म्हणून त्याने उंच मनोरे बांधून घेतले. दिवसा धूळ आणि तापलेल्या हवेमुळे लांबचं दिसत नसे, म्हणून रात्री दिवे लावून कोन मोजले. कन्याकुमारीपासून मसुरीच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटरची मोजणी १८४१ मध्ये पूर्ण झाली. १८४३ मध्ये तो निवृत्त होऊन इंग्लंडला परतला.

एव्हरेस्टला गणित येणारी माणसं हवी होती. १८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदार हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा महिना ३० रुपयांवर रुजू झाला. हुद्दा होता ‘कॉम्प्युटर’. तेव्हा हा शब्द यंत्राला नव्हे, आकडेमोड करणाऱ्या माणसाला वापरत. दिवसभर कोड लिहून पोट भरणाऱ्या मला हा तपशील वाचताना गंमत वाटली, आणि थोडा आदरही.

एव्हरेस्टच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉच्या काळात, १८४९-५० मध्ये, तराई आणि बिहारच्या मैदानातून ‘शिखर क्रमांक १५’चे कोन मोजले गेले. अंतर जवळपास पावणेदोनशे किलोमीटर. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळेच शिखर सुमारे २,४०० मीटर ‘खाली’ गेलेलं असतं. शिवाय प्रकाश हवेच्या थरांतून वाकत येतो. हे सगळं वजा-अधिक करत कलकत्त्यात आणि डेहराडूनला आकडेमोड चालली, आणि १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा होता २९,००२ फूट. म्हणजे ८,८४० मीटर. आजच्या उंचीशी तुलना केली तर फरक फक्त नऊ मीटरचा, हजारात एक.

सिकदार धावत वॉच्या खोलीत गेला आणि “साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं!” असं म्हणाला, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती तशी घडली असणं अवघड आहे. सिकदार तेव्हा कलकत्त्यात होता आणि वॉ डेहराडूनला. शिवाय असा आकडा एका सकाळी सापडत नाही. तो अनेक जणांच्या अनेक महिन्यांच्या कागदांतून तयार होतो. पण त्या कागदांवर प्रमुख गणक म्हणून सिकदार होता, हे नक्की.

*

शिखराला नाव द्यायची वेळ आली तेव्हा वॉने आपल्या आधीच्या साहेबाचं सुचवलं. खुद्द एव्हरेस्टने हरकत घेतली : हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही आणि हिंदीत लिहिता येणार नाही. (तो स्वतः आपलं आडनाव ‘ईव्हरेस्ट’ असं उच्चारत असे. म्हणजे आज सगळं जग ते चुकीचंच म्हणतं.) स्थानिक नाव मिळत नाही, असं कारण दिलं गेलं. पण ‘चोमोलुंग्मा’ हे तिबेटी नाव अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच नकाशातही येतं. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने एव्हरेस्ट हे नाव पक्कं केलं.

सिकदारचं काय झालं? १८५१ च्या सर्व्हेच्या अधिकृत मॅन्युअलमधला शास्त्रीय भाग बराचसा त्याचा होता आणि प्रस्तावनेत तसं स्पष्ट म्हटलं होतं. १८७० मध्ये तो वारला. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ती प्रस्तावनाच गायब झाली. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी वृत्तपत्राने यावर कडक टीका केली, पण नाव गेलं ते गेलंच. मला मात्र त्याच्याबद्दलची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. १८४३ मध्ये डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांना वेठीला धरून फुकट ओझी वाहायला लावली. सिकदारने विरोध केला. त्याला २०० रुपये दंड झाला.

ते मजूर, म्हणजे सर्व्हेतले खलाशी, या सगळ्या गोष्टीत कायम मागे उभे असतात. अर्ध्या टनाचं यंत्र डोंगरावर नेणारे, जंगल तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, तराईच्या मलेरियात मरणारे. त्यांची नावं कुठल्याच आवृत्तीत नव्हती, त्यामुळे ती काढायचाही प्रश्न आला नाही.

ज्यांचं काम लपवणंच गरजेचं होतं, अशीही माणसं होती. कुमाऊंतल्या मिलमचा नैनसिंग रावत यात्रेकरूच्या वेशात तिबेटात शिरला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी मोजणीच्या नोंदी. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून त्याने ल्हासाची उंची काढली. सर्व्हेच्या अहवालात तो फक्त ‘पंडित’ होता. सुवर्णपदक मिळालं ते १८७७ मध्ये.

*

नकाशांवर काम करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की पृथ्वीचा आकार निवडायची एक यादी येते. फोनमधलं जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरतं. पण त्याच यादीत ‘एव्हरेस्ट १८३०’ हाही पर्याय अजून असतो. भारताच्या जुन्या टोपोशीट त्याच आकारावर काढल्या आहेत. तो न निवडता जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवला, तर गावं, विहिरी, नद्या सगळं थोडं सरकलेलं दिसतं. मद्रासच्या उन्हात साखळी मांडणाऱ्यांपासून निघालेला हिशेब आजही असा चालू आहे.

२००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने राधानाथ सिकदार आणि नैनसिंग यांच्यावर तिकिटं काढली. सर्व्हे सुरू होऊन तेव्हा २०२ वर्षं झाली होती. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात उत्तर अजून एका ओळीचंच आहे. त्या ओळीखाली आणखी एक प्रश्न छापायला हरकत नाही : ही उंची काढणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख गणक कोण होता आणि त्याला २०० रुपये दंड कशासाठी झाला?