पाना कोणाच्या हाती?

मोटारीचे ट्यूनिंग स्वतः करावे, की पैसे मोजून मेकॅनिककडून करून घ्यावे? वरवर पाहता हा प्रश्न जमाखर्चाचा वाटतो. एका बाजूला मजुरी, दुसऱ्या बाजूला आपला रविवार आणि ग्रीसने माखलेले हात. जे स्वस्त पडेल ते करावे. आम्हीही बरीच वर्षे असेच मानत होतो. परंतु मोटारीच्या इतिहासाकडे पाहिले की लक्षात येते, ह्या प्रश्नात मजुरीचा भाग बहुधा दुय्यमच होता. खरा प्रश्न असा की यंत्रात काय बिघडले आहे हे कोणाला कळते, आणि ज्याला कळत नाही त्याने कळणाऱ्यावर किती विसंबावे.

आधी 'ट्यूनिंग' म्हणजे काय हे सांगणे आवश्यक आहे, कारण ज्या कामाला हा शब्द लावला जाई ते काम आज जवळजवळ नाहीसे झाले आहे. जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगी कधी पडावी हे डिस्ट्रिब्युटरमधील 'पॉइंट' ठरवीत. हे धातूचे दोन लहानसे संपर्क. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ते उघडत, कॉइलमधला प्रवाह तुटे आणि त्या तुटण्यातून प्लगच्या टोकाशी ठिणगी उडे. उघडल्यावर दोहोंमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागे. पॉइंटची टाच घासून झिजली की फट कमी होई, ठिणगी उशिरा पडे, गाडी चढावर दम टाकी आणि पेट्रोल जास्त पिई. म्हणून दर काही हजार किलोमीटरनंतर पॉइंट पॉलिश पेपरने घासणे, फिलर गेज घालून फट मोजणे, प्लग साफ करणे, टायमिंग लावणे, टॅपेट बघणे आणि शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून इंजिनाची चाल जुळवणे, एवढा सोपस्कार करावा लागे. ट्यूनिंग हा शब्द गाण्याच्या प्रांतातला, आणि तो यथार्थ होता. शेवटची जुळणी कानानेच होई.

ही पॉइंटची पद्धत रुजवली ती चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन अभियंत्याने. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. त्या काळी मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती, आणि मालक तिला हात लावीत नसे. ते काम शोफरचे. शोफर ह्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा घालणारा. हा माणूस नोकर खरा, पण यंत्राचे ज्ञान त्याच्यापाशी आणि मालक त्या बाबतीत निरक्षर. शोफर गॅरेजवाल्यांकडून दलाली घेतात, नको त्या दुरुस्त्या काढतात, अशा तक्रारी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाल्या होत्या.

ह्याच्या नेमके उलट चित्र फोर्डच्या 'मॉडेल टी'ने निर्माण केले. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटीहून अधिक विकली गेलेली ही गाडी मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांनी घेतली. ठिणगी आगेमागे करण्याची दांडीच सुकाणूच्या चाकाखाली होती. म्हणजे चालवणारा दर घटकेला टायमिंग लावीत असे. सोबत मिळणारी पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेली होती. जवळ गॅरेज नसे, आणि नांगर-पंप दुरुस्त करणाऱ्या हातांना मोटार परकी वाटत नसे. मागचे चाक उचलून, त्याला पट्टा लावून, कित्येकांनी त्याच गाडीवर लाकूड कापण्याची करवत चालवली.

पुढे गाड्या बंदिस्त आणि गुंतागुंतीच्या झाल्या, शहरी गिऱ्हाईक वाढले, आणि ज्ञानाचे पारडे पुन्हा झुकले. ते किती झुकले होते ह्याचा दाखला १९४१ साली 'रीडर्स डायजेस्ट'ने दिला. त्याच्या प्रतिनिधींनी इंजिनाच्या कॉइलची एक तार मुद्दाम सुटी केली आणि अमेरिकाभर हिंडून ३४७ गॅरेजांत गाडी दाखवली. तार जोडली की काम संपले, इतका उघड दोष. तरीही सुमारे ६३ टक्के गॅरेजांनी नको ते काम काढले, वा अवाच्या सवा पैसे मागितले. ह्या तारेची गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. मालकाला ती तार स्वतः जोडता येणे महत्त्वाचे नव्हते. ती सुटली आहे एवढे दिसणे पुरेसे होते.

आपल्याकडे ह्या कथेला वेगळे वळण मिळाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर देशात केवळ जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्या कंपन्या निघून गेल्या आणि मोटारी बनवणारे मोजकेच कारखाने राहिले. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट, पुढे पद्मिनी, तयार होई. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, मग ती वीस वर्षे टिकवावी लागे. दुसरीकडे मजुरी स्वस्त. शिवाय आपल्या समाजात लेखणी आणि हत्यार ह्यांची घरे पूर्वापार वेगळी; पदवीधराने पाना हाती धरणे हा छंद असला तर कौतुकाचा, गरज असली तर कमीपणाचा. त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी स्वतः ट्यूनिंग करणारा मालक इथे विरळाच होता.

पण म्हणून तो आंधळेपणाने गाडी सोपवत होता असे नाही. त्याने तिसरा मार्ग काढला होता: उभे राहून काम करून घेणे. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेला, रॉकेलच्या डब्यात सुटे भाग धुणारा पोऱ्या, आणि शेजारी हाताची घडी घालून मालक. नाना पेठेतून पार्ट त्यानेच आणलेला, जुना पार्ट परत मागून घेणाराही तोच. ह्या उभे राहण्यात संशय होता, तसे शिक्षणही होते. कॉलेजात असताना आम्ही एकदा शहाणपणा करून घरच्या फियाटचे पॉइंट स्वतः लावले. गाडी सुरूच होईना. मिस्त्री आले, हॅकसॉच्या पात्याचा तुकडा फटीत घातला, स्क्रू किंचित फिरवला आणि म्हणाले, "आता तुम्ही लावून दाखवा." ते काम पुढे आम्ही फारसे केले नाही. पण त्या दिवसानंतर मजुरी देताना आपण कशाचे पैसे देतो आहोत, हे आम्हांला कळत असे.

हे जग संपवले ते कोणा लबाडाने नव्हे. धुरावरच्या नियमांनी संपवले. २००० साली 'भारत स्टेज'ची पहिली पायरी देशभर लागू झाली, शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमावर चालणारे इंजेक्शन आले. पॉइंट गेले, त्यांच्याबरोबर फिलर गेजही गेला. प्लॅटिनम किंवा इरिडियमच्या टोकाचे प्लग लाख किलोमीटरच्या घरात चालू लागले. ह्याबद्दल हळहळणे खोटेपणाचे ठरेल. नवे इंजिन कमी पेट्रोलात, कमी विष ओकून, पावसाळ्यातही पहिल्या चावीला सुरू होते. मात्र त्यासोबत मालकाची जागाही बदलली. आता तो काचेपलीकडच्या गारेगार खोलीत बसून छापील बिलाची वाट पाहतो. उभे राहण्याची जागाच उरली नाही. आणि उभे राहिला, तरी बिघाड दिसत नाही. तो यंत्र जोडून वाचावा लागतो.

ते यंत्र कोणाकडे असावे, ह्यावर मग भांडण होणे अटळ होते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ सालीच अशा माहितीच्या हक्काच्या बाजूने भरभरून कौल दिला होता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? एअर फिल्टर, वायपर, बॅटरीची टोके, जमल्यास प्लग, हे अजूनही घरी करता येते, आणि एकदा तरी करावे. ब्रेक, इंधनाची उच्च दाबाची नळी, एअरबॅग ह्यांना हौसेने हात लावू नये. तिथे जाणत्याला पैसे देणेच शहाणपणाचे. पण पाना कोणाच्याही हाती असो, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष वाचून घ्यावा, जुना पार्ट मागून घ्यावा, बिलातली प्रत्येक ओळ विचारावी. सुटलेली तार आपल्याला जोडता आली नाही तरी चालेल. ती दिसण्याचा हक्क मात्र सोडू नये.