खजिन्याच्या नकाशापासून शत्रूच्या पोथीपर्यंत

अनोळखी भाषा मंत्राने कळावी ही कल्पना लोककथांत फार जुनी आहे. पण व्हिडिओ गेममध्ये ती ज्या रूपात आली, त्या रूपाचा उगम कागदावर दाखवता येतो. १९७४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी तीन लहान पुस्तिकांचा एक संच निघाला: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे लेखक. पहिली छपाई हजार प्रतींची होती. संगणकाचा त्यात काही संबंध नव्हता. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो खेळ चाले.

पहिल्या पुस्तिकेत जादूगारासाठी पहिल्या पातळीचे आठच मंत्र आहेत आणि त्यांतले दोन वाचनाचे आहेत. एकाने मंत्रलेख वाचता येतात, दुसऱ्याने परकी लिपी. या दुसऱ्या मंत्राचा उपयोग सांगताना पुस्तिका खजिन्याच्या नकाशांचा खास उल्लेख करते. बोलण्याची सोय मात्र वेगळ्या पानावर आहे आणि तिथे जादू नाही. पात्राची बुद्धी दहाच्या वर जितक्या गुणांनी असेल, तितक्या जादा भाषा त्याला येतात. म्हणजे बोलणे शिकण्याचे आणि वाचणे मंत्राचे, अशी विभागणी मुळातच होती.

तेव्हा भाषा समजण्याची जादू या परंपरेत आली ती कुणाशी बोलण्यासाठी नव्हे, पुरलेले धन काढण्यासाठी, असे माझे अनुमान आहे. त्याला दुसरा आधार पुढच्याच वर्षी मिळतो. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हे नवे पात्र आले. तिसऱ्या पातळीवरच्या चोराला बहुतेक भाषा वाचता येण्याची शक्यता ८० टक्के ठेवली आहे आणि कारणही दिले आहे: मंत्राची मदत न घेता त्याला नकाशे समजावेत.

याच खेळाच्या १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये परकी लिपी वाचण्याच्या मंत्राचे नाव बदलले आणि त्याचा पल्ला वाढला. आता लिखाण वाचता येते, तसे बोलणेही समजते. अट एकच: वाचायच्या वस्तूला किंवा बोलणाऱ्या प्राण्याला जादूगाराने स्पर्श केला पाहिजे. समजले तरी त्या भाषेत बोलता किंवा लिहिता येत नाही. बोलण्यासाठी वेगळा, वरच्या पातळीचा मंत्र आहे. समजण्याच्या मंत्राचे उलटे रूप भाषा दुर्बोध करते. उदाहरण म्हणून खजिन्याचा नकाशा इथेही टिकून आहे. पण स्पर्शाची अट मला फार मोलाची वाटते. जो प्राणी कदाचित आपल्याला फाडून खाईल, त्याचे म्हणणे समजून घ्यायला त्याच्या हाताच्या अंतरावर जावे लागते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात खेळाचा तोल सांभाळण्यापलीकडे काही असेल किंवा नसेल, पण समजून घेण्यात धोका आहे, ही जाणीव या पानापासून परंपरेत शिरली.

डिसेंबर १९८७ मध्ये जपानमध्ये ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग आला. त्यावर अमेरिकन पुस्तिकांची छाप उघड आहे. मंत्रांच्या पातळ्या तशाच आहेत आणि मूळ जपानी आवृत्तीत ‘बिहोल्डर’ नावाचा राक्षसही आहे. (अमेरिकेत हा गेम गेला तेव्हा त्या राक्षसाचे नाव बदलले गेले.) असे असूनही त्यातल्या ६४ मंत्रांत भाषेचा मंत्र एकही नाही. तो यादीतून निघाला आणि कथेत जाऊन बसला. बुडालेल्या मंदिरात एक शिलालेख सापडतो. मेल्मंड गावात डॉक्टर उन्ने नावाचा अभ्यासक राहतो, त्याच्याकडे तो न्यायचा. तो लेख उलगडतो आणि नायकांना लेफेनी भाषा शिकवतो. आधी ज्या लेफेनी गावकऱ्यांच्या तोंडून निरर्थक अक्षरे येत होती, ते आता सरळ बोलू लागतात. शिलेला नाव रोझेटाचे आहे. १७९९ मध्ये सापडलेल्या त्या खऱ्या दगडावरून चित्रलिपी उलगडायला शांपोलियोला १८२२ उजाडले. गेममध्ये हे काम एका संवादात उरकते. विद्वत्तेचा मान राखला आहे, श्रम मात्र गाळले आहेत.

या परंपरेतला सर्वांत समृद्ध दस्तऐवज माझ्या मते १९९०चा आहे: टेक्ससमधल्या ऑरिजिन कंपनीचा ‘अल्टिमा ६ : द फॉल्स प्रॉफेट’. रिचर्ड गॅरियटच्या या मालिकेत नायकाला ‘अवतार’ म्हणतात, हा आपला शब्द त्याने १९८५च्या चौथ्या भागापासून घेतला. सहाव्या भागाच्या सुरुवातीलाच पंखवाले, शिंगांचे गार्गॉइल अवताराला वेदीवर बांधून बळी द्यायला निघालेले असतात. सोबती येऊन त्याला सोडवतात. ब्रिटानिया या गेममधल्या देशातली सद्गुणांची देवळे त्याच जमातीने बळकावली आहेत. खेळाडूला एवढेच दिसते आणि तेवढ्यावर तो त्यांना सैतान मानून लढत राहतो. ते बोलतात, पण पडद्यावर उमटते ती त्यांचीच भाषा. ती पोकळ आवाजांची जुळणी नव्हती. हर्मन मिलर या प्रोग्रॅमरने तिला शब्दसंग्रह आणि व्याकरण दिले होते.

ती कळायला दोन वाटा लागतात आणि दोन्ही कष्टाच्या आहेत. गार्गॉइलांच्या भविष्यग्रंथाचा उलगडा मरायाह ही विदुषी करते, पण तिला त्यासाठी फुटलेल्या रुपेरी पाटीचे दोन्ही भाग हवेत. त्यांतला एक मिळवायचा तर एका चाच्याच्या नकाशाचे विखुरलेले तुकडे गोळा करावे लागतात. १९७४ मध्ये मंत्र होता नकाशा वाचण्यासाठी, इथे नकाशा जुळवायचा तो ग्रंथ वाचण्यासाठी. दिशाच उलटली आहे आणि खजिन्याच्या जागी परक्यांचे शास्त्र आले आहे. बोली भाषेची वाट हायथलोथच्या खोल गुहेतून जाते. तिथे त्या जमातीत राहणारा कॅप्टन जॉन एक गुंडाळी देतो आणि ती वाचली की त्यांचे बोलणे समजते.

मग जे कळते ते अवताराला सोसण्यासारखे नाही. त्यांचा पवित्र कोडेक्स ग्रंथ त्याने नेला, त्यांची भूमी कोसळू लागली आणि त्यांच्या भविष्यवाणीतला खोटा प्रेषित तोच आहे. गेमच्या नावातला दुष्ट म्हणजे खेळाडू स्वतः. शिवाय समजणे पुरत नाही. ड्रॅक्सिनुसोम या त्यांच्या प्रमुखापुढे अवताराला शरण जावे लागते आणि शरणागतीचा ताईत गळ्यात घातल्यावरच त्यांच्या गावात निर्धास्त फिरता येते. १९७८च्या पुस्तकात फक्त हात पुढे करायचा होता. इथे मान तुकवायची आहे. अखेर एक भिंग माणसांचे आणि एक गार्गॉइलांचे अशा दोन भिंगांतून कोडेक्स दोघांनाही वाचता येईल अशी व्यवस्था होते.

यानंतरचा २००१चा ‘फायनल फँटसी १०’ इथे थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. त्यात आल भेड या तिरस्कृत समाजाची भाषा २६ पुस्तिकांतून एकेक अक्षराने उलगडते. चिकाटीचे काम आहे, जादूचे नाही.

जादू परत आली ती २०१०च्या आणि मग २०१३ मध्ये नव्याने उभारलेल्या ‘फायनल फँटसी १४’ मध्ये. तिथे तिचे इंग्रजी नाव ‘एको’. ही ना मंत्र आहे ना वस्तू, ती जन्मजात क्षमता आहे. ज्याच्यात ती जागी होते त्याला कोणतीही बोली समजते आणि समोरच्याचा भूतकाळही दिसतो. तो केव्हा दिसावा हे त्याच्या हाती नसते. पुढच्या भागांत तिचे मूळही सांगितले आहे: जग दुभंगण्यापूर्वीच्या प्राचीनांचा हा अवशेष आहे आणि तारे कोसळताना पाहिले की तो जागा होतो. भाषा कळणे हे इथे कौशल्य उरलेले नाही. ती विसरलेल्या जगाची आठवण झाली आहे.

याची कसोटी याच गेमच्या २०१५च्या ‘हेवन्सवर्ड’ या विस्तारात लागते. इशगार्ड नगरी हजार वर्षे ड्रॅगनांशी लढते आहे आणि तिथल्या धर्मपीठाचा इतिहास सारा दोष ड्रॅगनांवर टाकतो. इझेल या तरुणीला एकोमुळे वेगळेच दिसते. इशगार्डचा राजा थोर्डान आणि त्याच्या बारा सरदारांनी रॅटाटोस्क या ड्रॅगनीला दगाबाजीने मारले आणि तिच्या डोळ्यांची शक्ती गिळली, तिथून युद्ध पेटले. ‘अल्टिमा ६’ मधलाच हा धागा आहे: परक्याची भाषा कळली की आपल्या पूर्वजांचा गुन्हा हाती लागतो. फरक असा की इझेलने त्यासाठी पाट्या जुळवल्या नाहीत, कुणापुढे मान तुकवली नाही. ते तिला आपोआप दिसले.

हा फरक कथाकारांनी पुढे नीट निभावला, म्हणून मला ही कथा आवडते. एमेरिक हा सेनापती ते सत्य नगरीपुढे जाहीर करतो. पण नागरिकांकडे एको नाही. त्यांनी ड्रॅगनाचा शब्द ऐकलेला नाही, भूतकाळ पाहिलेला नाही. त्यांच्यापुढे दोनच गोष्टी आहेत: हजार वर्षांचे लिखित धर्मग्रंथ आणि एका माणसाचे सांगणे. अनेकजण ग्रंथांवरच विश्वास ठेवतात, शहरात बंड उसळते आणि एमेरिकवर सुरा चालतो.