खानदेशचा रानपिंगळा

घुबड घरावर बसले की आपल्याकडे मोठ्या बायका त्याला हुसकून लावतात. लक्ष्मीपूजनाला मात्र तेच लक्ष्मीचे वाहन! पिंगळा त्याचा धाकटा भाऊबंद. त्याची बोली ओळखून पहाटे भविष्य सांगणाऱ्या जोशांनाही पिंगळाच म्हणतात.

रानपिंगळा जंगलातला, दिवसाही वावरणारा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. मायनर्ट्झहॅगन या इंग्रजाने डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरला आणि त्यावर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी लावली. मी कॉमर्सची, एका खोट्या नोंदीने हिशेब कसा चुकतो ते जाणते. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली आणि सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणी शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, तो शहाद्याजवळ दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंतर तो जळगावच्या यावल अभयारण्यातही आढळला.

त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि तीच झाडे तुटत आहेत. दिवाळीत जादूटोण्यासाठीही घुबडे पकडली जातात. असे काही दिसले तर वनखात्याला जरूर कळवा. मुक्या जिवाचा तेवढा तरी कैवार आपण घेऊ.