पूर्वप्रवर्धकातील दाबनियंत्रक : दुरुस्ती आणि पुरावा

ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतून सुई जात असता चुंबकीय पिक-अपमध्ये उत्पन्न होणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो. तो वाढवून मुख्य प्रवर्धकाच्या हवाली करण्याचे काम पूर्वप्रवर्धकाचे. व्यवहारात त्यास प्रिॲम्प्लिफायर म्हणतात. इतक्या क्षीण संकेताशेजारी वीजपुरवठ्याचा दाब किंचितही डळमळला, तर ती डळमळही संकेताबरोबर वाढते आणि कर्ण्यातून घुमघुम ऐकू येते. दाब स्थिर राखणाऱ्या मंडलास दाबनियंत्रक अथवा रेग्युलेटर ही संज्ञा आहे. जुन्या यंत्रांत लवकर थकणाऱ्या भागांपैकी हा एक. साहजिकच दुरुस्ती करणाराचा हात येथे वारंवार पडतो, आणि यंत्राच्या इतिहासाचा पुरावाही येथेच अधिक नष्ट होतो.

दाब स्थिर राखण्याची कल्पना ट्रान्झिस्टरच्या आधीची आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एफ. व्ही. हंट व आर. डब्ल्यू. हिकमन यांनी इलेक्ट्रॉनिक दाबस्थिरकांचे विवेचन १९३९ साली प्रसिद्ध केले. याच हंट यांनी आदल्या वर्षी, जे. ए. पीअर्स यांच्यासह, ध्वनिमुद्रिकेच्या पुनर्वादनात होणाऱ्या विकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच संशोधकाच्या मेजावर हे दोन प्रश्न शेजारी असावेत, ही गोष्ट आज मोठी सूचक वाटते. तथापि घरगुती यंत्रांत त्यांची गाठ पडण्यास बराच काळ लोटावा लागला. निर्वात नळ्यांच्या काळात नियंत्रक ही मुख्यतः प्रयोगशाळेतील वस्तू होती. पूर्वप्रवर्धकात रोध व धारित्र यांच्या टप्प्याटप्प्याने दाब गाळून घेणे सामान्यतः पुरेसे समजले जाई. इंग्लंडमधील हंटिंग्डन येथील कंपनीचा क्वाड २२ (१९५९) तर आपला पुरवठा क्वाड टू या मुख्य प्रवर्धकाकडूनच घेई. १९६७ साली त्याच्या जागी आलेल्या ट्रान्झिस्टरयुक्त क्वाड ३३ मध्ये मात्र स्वतःचे रोहित्र होते.

ट्रान्झिस्टरयुगातील साध्या नियंत्रकाचा आधार म्हणजे झीनर डायोड. क्लॅरेन्स झीनर यांनी विद्युत्-भंजनाचा आपला सिद्धांत १९३४ मध्ये मांडला होता. (सुमारे सहा व्होल्टांच्या वरील तथाकथित झीनर डायोडांत प्रत्यक्षात मुख्यतः हिमलोटासारखे वाढत जाणारे निराळेच भंजन घडते, नाव मात्र झीनर यांचे राहिले.) या डायोडाने दिलेल्या संदर्भदाबावर एक ट्रान्झिस्टर पुरवठ्याच्या मार्गात बसविला, की बाहेर मिळणारा दाब म्हणजे डायोडाचा दाब उणे बेस व एमिटर यांमधील घट. ही घट जर्मेनियममध्ये सुमारे ०.२ व्होल्ट, तर सिलिकॉनमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट असते. म्हणजे मूळ जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसविणाराने सर्व मंडलाचा दाब सुमारे ०.४ व्होल्टने उतरविलेला असतो. बदल क्षुल्लक खरा. परंतु पुढे त्या यंत्रावर मोजमापे घेणारा अभ्यासक ती मूळ रचनेच्याच नावे मांडील. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट विड्लर यांचा एलएम ३०९ आणि १९७० च्या दशकात रॉबर्ट डॉबकिन यांचा एलएम ३१७ हे तीन टोकांचे नियंत्रक आले, आणि पूर्वीचे सर्व मंडल एका तुकड्यात सामावले. १९६७ च्या यंत्रात एलएम ३१७ आढळला, तर तो निश्चितपणे नंतरच्या हाताचा होय.

असा तुकडा बसवावा काय? विद्युत्-अपघटनी धारित्रे कालांतराने आतून सुकतात. ती बदलण्यास हरकत घेणे हट्टाचे होईल. नियंत्रकाचे समग्र मंडल उचलून टाकण्यास मात्र सबळ कारण हवे. "आधुनिक नियंत्रक अधिक शांत" हे कारण ऐकणाराचे आहे, अभ्यासकाचे नव्हे. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मार्गातील ट्रान्झिस्टर बिघडून त्याची कलेक्टर व एमिटर ही टोके आपसांत जुळली, तर अनियंत्रित दाब थेट पुढील मंडलावर जातो. चोवीस व्होल्टांच्या जागी पस्तीस व्होल्ट सोसण्याची शक्ती तेथील जुन्या ट्रान्झिस्टरांत असेलच असे नाही, आणि त्यांतील कित्येकांचे उत्पादन केव्हाच थांबलेले आहे. अशा वेळी जीर्ण नियंत्रक जपण्याच्या नादात उरलेले यंत्रच गमवावे लागेल. म्हणून पुढील मंडल सोडवून, तेवढाच भार देणारा रोध जोडून नियंत्रकाची परीक्षा आधी करावी, आणि तो विश्वासपात्र न ठरल्यास बदलावा, असे माझे मत आहे.

डाग सोडविण्यापूर्वी बाहेरील दाब आणि त्यावरील शंभर हर्ट्झची लहर (पन्नास हर्ट्झच्या विजेचे पूर्णतरंग एकदिशीकरण केल्यावर उरणारी) मोजून नोंदवावी. काढलेले भाग पाकिटात, त्यांची जागा लिहून, यंत्राबरोबरच ठेवावेत. पुष्कळ धारित्रांवर वर्ष व आठवडा दर्शविणारे चार अंक छापलेले असतात. ७१३२ म्हणजे १९७१ चा बत्तिसावा आठवडा. १९६७ च्या यंत्रात हे अंक मिळाले, तर ते एकतर १९७१ नंतर जुळविलेले आहे, किंवा आपल्या आधी कोणीतरी ते उघडलेले आहे.