पेल्यातला बर्फ आणि पेल्याबाहेरचा

अमेरिकेतल्या साध्याशा उपाहारगृहात आपण खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच पाण्याचा पेला समोर येतो आणि त्यात पाण्यापेक्षा बर्फच अधिक असतो. बाहेर जानेवारीचा हिमवर्षाव चालू असला तरी या रिवाजात खंड पडत नाही. आपल्याकडून प्रथमच गेलेला पाहुणा दात शिवशिवत ते पाणी पितो, नाहीतर चार दिवसांत ‘नो आइस’ म्हणायला शिकतो. पुढे ही सवय अंगवळणी पडून तोच मनुष्य रोमला किंवा पॅरिसला गेला, तर त्याने मागितलेला बर्फ येतो तो दोन खड्यांचा, तोही मागितल्यावरच. चीनमध्ये भर उन्हाळ्यात त्याच्यापुढे वाफाळते पाणी ठेवले जाते. आणि भारतात येणाऱ्या पाश्चात्य प्रवाशाला मार्गदर्शक पुस्तके बजावत असतात, की काहीही प्या, पण बर्फ घालून पिऊ नका.

या भेदांचे खापर हवामानावर फोडणे सोपे आहे, पण ते टिकत नाही. रोमचा उन्हाळा बॉस्टनच्या उन्हाळ्यापेक्षा सौम्य नाही. श्रीमंतीनेही उलगडा होत नाही, कारण युरोपातल्या धनिकांच्या घरी शेकडो वर्षांपूर्वीपासून बर्फाची तळघरे होती. मला असे वाटते, की बर्फ मिळतो की नाही हा प्रश्नच नव्हे. तो पेल्याच्या आत पडतो की बाहेर राहतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांच्या व्यापारात व शंकाकुशंकांत सापडते.

बाहेरून गार करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. माठ आणि रांजण तर सोडाच, पण ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने बादशहाच्या आबदारखान्याचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. पाण्याची सुरई सोरा विरघळवलेल्या पाण्यात फिरवीत ठेवायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो आणि सुरईतले पाणी गार होते. बंदुकीच्या दारूत जो आग ओकतो तोच सोरा बादशहाकडे पाणी निववण्याच्या कामी येतो, याचे अबुल फजललाही कौतुक वाटलेले दिसते. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला हलला, तेव्हा उत्तरेच्या डोंगरांतला बर्फ नावांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या पाठीवरून शहरात येऊ लागला. पण या साऱ्या खटाटोपात पिण्याचे पाणी वेगळे आणि गार करणारा पदार्थ वेगळा. बादशहाच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद घड्यांतून येई. ते नीट पारखून घेतलेले असे, आणि पारखलेल्या पाण्यात वाटेवरचे कसलेतरी मिसळायचे कशाला?

हाच प्रकार पुढे बंगालमध्ये आणि अलाहाबादच्या बाजूला इंग्रजांनी पाहिला आणि उचललाही. थंडीच्या कोरड्या रात्री उथळ खड्ड्यांत पेंढा अंथरून त्यावर मातीची पसरट भांडी मांडायची. निरभ्र आकाशाखाली भांड्यातले बोटभर पाणी पहाटेपर्यंत पापुद्र्यासारखे गोठते. मग सूर्य उगवायच्या आत शेकडो मजुरांनी ते खरवडून बर्फखड्ड्यात ठोकून बसवायचे. हुगळीचा हा बर्फ म्हणजे मातकट चिखलवजा लगदा. तो कोणी प्यायच्या पेल्यात घालीत नसे. बाटल्या आणि सुरया त्यात खुपसून ठेवीत. आपली कुल्फी आणि मे महिन्यात अंगणात हाताने फिरवायचे पॉट-आइस्क्रीम ही याच परंपरेतली. बर्फ आणि खडेमीठ बाहेर, दूध आत. मिठाचे पाणी चुकून आत शिरले की सगळी पोरे हिरमुसली होत, ते अनेकांना आठवत असेल.

पेल्याच्या आत बर्फ टाकण्याची सवय जगाला लावली ती बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने. हा गृहस्थ विलक्षण चिवट होता. १८०६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, त्याने न्यू इंग्लंडमधल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर नेला. गावाने त्याची चेष्टा केली. बेटावर बर्फ पोचला खरा, पण तो ठेवायला जागा नव्हती आणि त्याचे करायचे काय हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. त्या सफरीत त्याला मोठी खोट आली. पुढे कर्जापायी तुरुंगाची हवाही खावी लागली. पण त्याला एक गोष्ट उमगली होती: बर्फ विकण्याआधी बर्फाची तहान विकावी लागते. म्हणून तो पानगृहांच्या मालकांना सुरुवातीला बर्फ फुकट देई. गार आणि कोमट पेय एकाच भावाने विकायला ठेवा म्हणे. जो एकदा गार प्याला तो कोमटाकडे पुन्हा वळणार नाही, हा त्याचा हिशेब होता. तो अचूक ठरला. नॅथॅनिएल वायथ या त्याच्या सहकाऱ्याने घोड्याने ओढायचे बर्फ कापणारे अवजार बनवले, तेव्हा एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. एकमेकींना चिकटून बसल्याने त्या कमी वितळत. मेनमधल्या लाकूड-गिरण्यांचा भुसा ज्यांना टाकून द्यावा लागत होता, त्यांना त्याचे गिऱ्हाईक मिळाले.

अमेरिकेत ही सवय रुजायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. मद्यपानविरोधी चळवळीला दारूच्या जागी द्यायला काहीतरी हवे होते, आणि बर्फाचे पाणी हे त्या चळवळीचे पेय ठरले. मद्याच्या पेल्यात बर्फ आणि मद्याऐवजीही बर्फ! दोन्हीकडून विकला गेलेला माल असा विरळाच. युरोपियन प्रवाशांना हे चमत्कारिक वाटे. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेला जाऊन आला आणि नंतर लिहिलेल्या ‘मार्टिन चझलविट’मध्ये त्याने आपल्या नायकाला बर्फाने भरलेले ‘शेरी कॉब्लर’ वाळक्या काडीने प्यायला लावले. त्या तरुणाला होणारा साक्षात्कार अजूनही वाचनीय आहे.

खुद्द लंडनमध्येही अमेरिकन बर्फ आला. १८४५ च्या सुमारास स्ट्रँड रस्त्यावरच्या दुकानाच्या काचेआड मॅसॅच्युसेट्समधल्या वेनहॅम तळ्याची स्फटिकासारखी लादी ठेवलेली असे आणि ती पाहायला गर्दी जमे. हे नाव इतके चालले, की नॉर्वेतल्या व्यापाऱ्यांनी आपल्या ओपेगार्ड तळ्याचे नावच ‘वेनहॅम’ ठेवून टाकले. पण इंग्रजांनी तो बर्फ प्रामुख्याने मासळीसाठी, मिठाईवाल्यांसाठी आणि वाइनची बाटली ठेवायच्या बादलीसाठी वापरला. रोजच्या पाण्याच्या पेल्यात तो उतरला नाही. तिथे ट्यूडर नव्हता, एवढेच कारण मी देणार नाही. पण ज्यांच्याकडे बाहेरून गार करण्याची रीत आधीच प्रतिष्ठित झालेली असते, त्यांना आत टाकण्याची गरज भासत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता हिंदुस्थानकडे वळू. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून, सुमारे चार महिन्यांनी, सप्टेंबरात ते कलकत्त्याला लागले तेव्हा १०० टनांहून अधिक बर्फ शिल्लक होता. जकात माफ झाली. उन्हाने नुकसान होऊ नये म्हणून रात्री माल उतरवण्याची मुभा मिळाली. गव्हर्नर जनरल बेंटिंकने ट्यूडरच्या प्रतिनिधीला चांदीचा पेला नजर केला. हुगळीच्या लगद्यापुढे हा पारदर्शक, कठीण बर्फ म्हणजे चमत्कारच होता. तो स्वच्छ दिसत होता, म्हणून तो प्रथमच पेल्याच्या आत पडला. साहेबाच्या ब्रँडीपाण्यात किणकिणणारा खडा ही आपली नेहमीची कल्पना. पण हा खडा या तारखेच्या आधीचा नाही. कॉफीच्या सट्ट्यात बुडालेला ट्यूडर पुढे या कलकत्त्याच्या व्यापारावरच सावरला.

पुढच्या वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जिजीभाई यांनी (ते ‘सर’ झाले १८४२ मध्ये) आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि नंतर यजमान व पाहुणे सर्दीने हैराण झाले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्या वेळच्या ‘मुंबई समाचार’ने त्यावर शेरा मारल्याचेही सांगतात. त्या टवाळीत नव्या पदार्थाविषयीची धास्ती स्पष्ट दिसते. पुढे कोटात, सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी, घुमटाचे बर्फघर उभे राहिले. ते आता नाही. मद्रासचे मात्र आहे. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले होते म्हणून ते टिकले, आणि आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पण हा बर्फ मुंबईत प्याला कोणी? इंग्रजांनी आणि पारशांनी. बाकीच्यांच्या आड किंमत होतीच, पण दुसरीही अडचण होती. बर्फ म्हणजे गोठलेले पाणी आणि पाणी म्हटले की ते कोणाच्या हातचे, हा प्रश्न आलाच. मॅसॅच्युसेट्समधले तळे, ते कापणारे आयरिश मजूर, जहाजावरचे खलाशी, या सगळ्यांचे हात लागलेले पाणी आपल्या पेल्यात विरघळणार! आज हे हास्यास्पद वाटते. पण १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांपुढे चहा ठेवला गेला, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्याआधी अर्धशतक म्लेंच्छांच्या देशातले पाणी लोकांनी निःशंकपणे प्यावे, अशी अपेक्षा कशी धरायची? जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले तेव्हा चांदीच्या अवाढव्य घागरींतून गंगाजल बरोबर घेऊन गेले. प्रत्येक घागरीत सुमारे चार हजार लिटर पाणी मावते. त्यांतल्या दोन जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पाहायला मिळतात. परदेशी प्रवासात पेल्यात काय पडू द्यायचे, या प्रश्नाचे इतके सविस्तर उत्तर दुसऱ्या कोणी दिले नसेल.

गंमत अशी, की उलट दिशेनेही हाच विचार एका माणसाच्या मनात आला होता, पण आनंदाने. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला आली, तेव्हा काठावर राहणारा थोरो भगवद्गीता वाचत होता. आपल्या तळ्याचे पाणी कलकत्ता-मुंबईच्या लोकांच्या पोटात जाणार आणि गंगेच्या पाण्यात मिसळणार, या कल्पनेने तो हरखून गेला. तेच मिसळणे इकडच्या कर्मठाला विटाळ वाटले असते. पाणी एकच!

१८७८ मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि यंत्राचा बर्फ स्वस्त झाला. बॉस्टनची जहाजे काही वर्षांतच बंद पडली. बर्फ सामान्यांच्या आवाक्यात आला तो आता. भुशात लोळवलेला, गोणपाटात गुंडाळलेला, सायकलच्या कॅरिअरवरून पाणी गाळत येणारा. तो भुसा मेनच्या गिरण्यांतून निघालेल्या युक्तीचा वारसा होता, हे आम्हाला कोण सांगणार?

पण नेमक्या याच काळात पारडे फिरले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखला कलकत्त्यात पटकीचा जंतू सापडला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रुडेनने विषमज्वराचे जंतू बर्फात दीर्घकाळ तग धरतात असे दाखवले. बर्फ पारदर्शक आहे म्हणून शुद्ध आहे, हा ट्यूडरच्या मालाचा आधार निखळला. चीनमध्ये १९५२ नंतरच्या सरकारी आरोग्य मोहिमेने उकळलेल्या पाण्याची जुनी सवय पक्की केली. अमेरिकेने नळाचे पाणी सुधारून आपला बर्फ वाचवला. आपल्या नळांवर तेवढा विश्वास बसला नाही. मग ज्या देशात बॉस्टनचा बर्फ शुद्धतेच्या नावावर खपला, त्याच देशात बर्फ घेऊ नका, हा अमेरिकन प्रवाशाचा पहिला नियम झाला. हा नियम चूक आहे असे मी म्हणणार नाही. मासळी आणि प्रेते टिकवायला केलेला बर्फ सरबताच्या गाड्यांवर पोचतो, हे उघडकीस आल्यावर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा आदेश काढला, तो उगीच नव्हे.

तरीही एक प्रसंग मनातून जात नाही. न्यू जर्सीला स्थायिक झालेला माझा मावसभाऊ त्याच सुमारास मे महिन्यात घरी आला. आईने कैरीचे पन्हे केले होते. ती पेल्यात बर्फ टाकू लागताच त्याने पेल्यावर हात ठेवला. “नको मावशी, बर्फ नको.” “अरे, घरचा आहे. पाणी उकळून, गाळून केलाय,” आई म्हणाली. “तसं नाही गं, सवय नाही राहिली.” तिकडे तो पेलाभर बर्फ रोज रिचवतो, हे तिला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. तिच्या आजोळी पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याची जात विचारीत, हे तिने मला अनेकदा सांगितले होते, आणि ते सांगताना तिला नेहमी लाज वाटे. पेला त्याच्यापुढे सरकवून तिने हातातले खडे मोरीत टाकले.